ओल्या पोत्यावर उभा पाहुणा

चिंचटोल्यात मे महिन्यात नळ सकाळी येतो आणि लोकांचा चहा होईपर्यंत जातो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले हे गाव तलावाच्या पाळीला टेकून वसले आहे, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटते की यांना पाण्याचे काय दुःख. पण तलावाचे पाणी धानाचे आणि मासोळीचे. प्यायचे पाणी येते गावाबाहेरच्या विहिरीतून, आणि उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की त्या विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणून गावाने पाणी वाचवायचे ठरवले. ठरवण्यात गैर काही नव्हते. गैर एवढेच झाले की ते काम केशोरावांच्या हाती गेले.

नळ आला की ग्रामपंचायतीच्या छपरावरचा भोंगा आधी खाकरायचा आणि मग बोलायचा.

"ग्रामस्थांनी कृपया लक्ष द्यावे. वाहत्या नळाखाली भांडी घासू नयेत. आंघोळीला एक बादली पुरते. तांदूळ धुतलेले पाणी मोरीत न टाकता गुरांना अथवा झाडांना द्यावे. तोटी गळत असल्यास त्वरित दुरुस्त करावी. पुन्हा एकदा ऐका."

मग ते सगळे पुन्हा एकदा.

घरी शामकला, म्हणजे केशोरावांची बायको, तांदूळ धूत असायची. धुतलेले पाणी ती गाईच्या घमेल्यात ओतायची. लग्न होऊन आल्यापासून ती हेच करत होती, तिच्या आधी तिची सासू करत होती, आणि गावातली प्रत्येक बाई करत होती. आता तेच भोंग्यातून ऐकायला लागल्यापासून तिला ते पाणी ओतताना उगाच लाज वाटू लागली होती, जणू नवऱ्याचे ऐकून ओतते आहे.

आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या डोक्यावर, स्लॅबवरची काळी टाकी भरून वाहत असायची.

त्याचे असे होते. नळाला पाणी ओढणारा छोटा टिल्लू पंप जोडलेला होता. पंचायतीत जाण्याआधी केशोराव स्वतःच्या हाताने त्याचे बटण दाबत आणि माईकवरून परत आले की स्वतःच्या हाताने बंद करत. मधल्या वेळात टाकी भरायची, भरून वाहायची, पाणी स्लॅबच्या कडेवरून मागच्या आंगणात पडायचे आणि गल्लीच्या उताराने पार्वताबाईच्या कुंपणापर्यंत जायचे. केशोराव येईपर्यंत नळ गेलेला असायचा, टाकी काठोकाठ आणि शांत असायची, आणि मेच्या उन्हात स्लॅब वाळायला वेळ लागत नाही.

शामकलेने एकदा टाकी भरलेली पाहून बटण बंद केले होते. परत आल्यावर केशोरावांनी शिडीने वर चढून टाकीत काठी घातली आणि पाणी काठाच्या चार बोटे खाली असल्याचे सुनावले.

"मशिनीतलं तुले समजत नाही. हात नको लावत जाऊ."

तिने हात लावणे सोडले. तेव्हापासून टाकी रोज वाहत होती आणि ती रोज पाहत होती. लावू नको सांगितलेला हात आपण लावत नाही, यात तिला एक बारीक सुख होते. ते सुख चांगले नाही हेही तिला कळत होते, कारण पाणी कुठल्या नळाचे ओढले जात होते ते तिला ठाऊक होते.

ते जात होते उताराच्या घरांचे. टिल्लू लागला की खालच्या नळांना नुसती फुसफुस. शेवटचे घर पार्वताबाईचे. ती एकटी राहायची, धानाच्या कामाला जायची आणि कुंपणाच्या आत वांग्यांचा एक वाफा राखून होती.

"माह्या नळाले हवा येते व बाई," ती शामकलेला म्हणायची, "पण वांग्या कंटोलरच्या टाकीवर जगून राहिल्या. एका हातानं हिसकते ना दुसऱ्या हातानं सांडते. देवासारखाच माणूस होय."

"त्याह्यले सांगत काऊन नाहीस?"

"मी कायले सांगू? तू बायको आहेस."

"मले बटणाले हात लावाची मनाई हाये."

"तं मले तोंड उघडाची आहे," पार्वताबाई म्हणायची, आणि दोघी हसायच्या. गावातले बाकीचे लोकही असेच होते. टाकी सगळ्यांना दिसत होती. सांगितले कुणीच नाही. केशोरावांची सकाळ आणि त्यांची टाकी एकाच वेळी पाहायला मिळणे ही चिंचटोल्याची रोजची करमणूक होती, आणि ती कुणाला मोडायची नव्हती.

कंटोलर हे केशोरावांचे नाव जुने. नोकरीची सारी वर्षे ते बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या खिडकीआड बसून गाड्या पुकारायच्या, हे काम. कुठली गाडी कुठून सुटली, कुठे अडली, कुठल्या फाट्यावर कधी येईल हे त्यांना तोंडपाठ असायचे, आणि गाडीबद्दल विचारले तर उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. रस्त्यात, तेरवीच्या पंगतीत, दवाखान्याच्या खाटेवर पडले असतानाही. बाकी कशाबद्दल विचारले तर ते आधी समोरच्याची चूक काढत. निवृत्त झाल्यावर माईक गेला आणि ते घरात हिंडू लागले. मुलगा नागपूरला कामाला, घरात बायको आणि सून नीतू. पुकारायला दोनच प्रवासी उरले. शामकलेने ते दिवस कसे काढले ते तिलाच माहीत. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी वाचवण्याचे एक दिवसाचे शिबिर आहे आणि गावातून एक माणूस पाठवायचा आहे असे कळले, तेव्हा त्यांनी जावे असे सगळ्यांत आधी तिलाच वाटले होते. हे पुढे तिला फार वेळा आठवले.

शिबिरातून ते एक टोपी, एक कापडी पिशवी आणि पाण्याची एक बाटली घेऊन आले. अशा बाटल्या प्रत्येकाला दिल्या होत्या आणि निम्म्या लोकांनी दोन घोट पिऊन खुर्चीखाली टाकल्या होत्या, हे त्यांनीच घरी येऊन सांगितले. त्यांना त्यात काही वेगळे दिसले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते पंचायतीच्या माईकपुढे बसले आणि पहिलेच वाक्य म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." गाव आठवडाभर हसले. केशोरावांनी शब्द बदलला, आवाज तोच ठेवला.

ते जे सांगत त्यात चूक नव्हती, हीच अडचण होती. चूक असती तर कुणी भांडले असते. एक बादली पुरते हे खरे होते, गळती तोटी वाईट हे खरे होते. पण कुणाची तोटी गळते त्याचे नाव ते भोंग्यावरून घेत, आणि ज्याचे नाव घेतले तो माणूस तोटी दुरुस्त करण्याऐवजी केशोरावांचा उद्धार करत बसे.

मग त्यांनी गडव्याला हात घातला.

या मुलखात पाहुणा दारी आला की कुणी बोलण्याआधी त्याच्यापुढे पाण्याचा गडवा येतो. पितळी, पोटाचा, हाताएवढा. पाहुणा ओट्याच्या कडेला उभा राहून पायांवर पाणी घेतो, चूळ भरतो आणि वर येतो. या, बसा, कसे काय, हे सगळे त्यानंतर. गडवा आला नाही तर पाहुण्याने समजायचे ते समजायचे असते. शिबिरात सांगितले होते की घरात एक जागा शोधा जिथे पाणी वाया जाते. केशोरावांनी स्वतःची मोरी पाहिली, नळ पाहिला, आंगण पाहिले, फक्त वर पाहिले नाही. आणि त्यांची नजर गडव्यावर थांबली. लग्नसराईचे दिवस होते, गावात पाहुण्यांची ये-जा होती. केशोरावांच्या घरी मात्र फारसे कुणी येत नसे. ज्याच्या घरी पाहुणे येत नाहीत त्याला पाहुण्यांचे पाणी वाचवणे सोपे जाते.

"पाहुण्यांना पाय धुण्यासाठी गडवा देण्याची प्रथा आजपासून बंद करण्यात येत आहे," भोंगा म्हणाला. "त्याऐवजी दारात ओले पोते ठेवावे. पाहुण्यांनी त्यावर पाय पुसावेत. पुन्हा एकदा ऐका."

गावाने ऐकले. प्रत्येक दारात धानाचे एक रिकामे पोते भिजवून पडले, आणि प्रत्येक घरात गडवा पूर्वीसारखाच पुढे होत राहिला. केशोराव सकाळी फेरी मारत, पोती मोजत आणि समाधानाने परत येत. त्यांच्या एकट्याच्या घरात तो नियम खराखुरा पाळला जात होता.

शामकलेला त्याचेही काही वाटले नसते. तिच्याकडे येणारे होतेच कोण? तिचे माहेर देवरीकडच्या एका खेड्यात, मागे एक धाकटा भाऊ, लीलाधर. त्याच्या मुलीच्या, रेणूच्या, लग्नात जावईमंडळींना दुपट्टा-टोपी देताना केशोरावांचे नाव तिसरे पुकारले गेले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची नावे क्रमाने पुकारलेल्या माणसाला स्वतःचा क्रम सहन झाला नाही. ते मांडवातून उठले, शामकलेला उठवले आणि न जेवता पहिल्या गाडीने परत आले. गाडीत त्यांनी तिला सांगितले, "आता त्या घराची पायरी चढायची नाही." लीलाधरने त्या वेळी दोनदा फोन केला. केशोरावांनी तो घेतला नाही. पुढे लीलाधरलाही राग आला, आणि त्याचा राग रास्त होता.

तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. आईवडील नव्हतेच, पण ते घर होते, मोहाचे झाड होते, भाऊ होता. नवऱ्याच्या एका दुपट्ट्यापायी आपण एवढे गमावले, हे ती रोज आठवत नसे. टाकी वाहू लागली की आठवायचे.

एके दिवशी नीतूने आपला मोबाइल आणून तिच्या कानाला लावला.

"बाई, मी होय," लीलाधर म्हणाला. "पोट्ट्याचं लगन जुडलं. आयतवारी सकाळी येतो पत्रिका घेऊन. घरी आहेस ना?"

"मी कोठी जातो?"

"बरं. येतो मंग."

एवढेच. पण पत्रिका आजकाल मोबाइलवर येते. भावाने ती हातात घेऊन गाडीने यायचे, बहिणीने दारात गडवा पुढे करायचा, त्याने पाय धुवायचे, एवढे झाले की मागचे मिटते आणि त्यावर कुणी शब्दही काढायचा नसतो. लीलाधर त्यासाठीच येत होता. शामकलेने मोबाइल नीतूला परत दिला आणि तडक जाऊन फळीवरचा गडवा खाली काढला. काळा पडला होता. चिंच आणि राख घेऊन तिने तो असा घासला की नीतू म्हणाली, "आई, पितळ झिजून जाईल."

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

"आयतवारी लीलाधर येऊन राहिला."

केशोराव चावत राहिले. मग म्हणाले, "शेवटी आला ना. मी म्हटलंच होतं."

"त्याले गडवा देतो मी."

"पोतं आहे दारात."

"माहा भाऊ होय तो. इतक्या वर्सानं येऊन राहिला."

"मंग भावाचे पाय काय वेगळे असतात?" केशोराव म्हणाले. "गावाले सांगतो अन् घरीच मोडतो, असं म्हणतील लोक. सोमवारी पाणीबचतीच्या स्पर्धेचं तपासणी पथक येऊन राहिलं. बक्षिसाचा प्रश्न आहे. नियम म्हणजे नियम."

"लोकं तुमच्या टाकीले कायी नाई म्हणत?"

"टाकीचं काय?"

नीतूने भाताच्या ताटात मान घातली. शामकलेने त्यांच्याकडे पाहिले. या माणसाच्या हाताखालून हजारो गाड्या गेल्या आणि स्वतःच्या डोक्यावर काय चालले आहे ते याला माहीत नाही, असे तिला वाटले, आणि तिने वरण वाढले.

"कायी नाई," ती म्हणाली.

सांगितले असते तर कदाचित रविवार वेगळा गेला असता. पण तिने ते सुख हातचे सोडले नाही, आणि त्याची किंमत तिनेच मोजली.

रविवारी नळ आला. केशोरावांनी बटण दाबले आणि पंचायतीत गेले. शामकलेने माठातले पाणी घेऊन गडवा भरला आणि दाराशी, पोत्याच्या वर, ओट्यावर ठेवला. लीलाधरला वांग्याची भाजी आवडायची, आणि गाडी यायला अजून अवकाश होता. ती पार्वताबाईकडे वांगी तोडायला गेली.

त्या दिवशी केशोरावांनी 'पुन्हा एकदा ऐका' गाळले. पाहुण्यासमोर घरचा कर्ता माणूस असावा म्हणून ते लवकर परतले, ओट्यावर गडवा पाहिला, उचलला आणि पाणी पुन्हा माठात ओतले. वाया घालवले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. गडवा त्यांनी फळीवर ठेवला. पाहुण्याच्या नादात टिल्लूचे बटण बंद करायचे राहून गेले आणि ते खुर्ची घेऊन दारात बसले.

लीलाधरला एका ओळखीच्याने मोटरसायकलवर आणून सोडले, म्हणून तो गाडीच्या आधीच पोचला. नवे धोतर, हातात पिशवी, पाय घोट्यापर्यंत धुळीने माखलेले. तो ओट्याखाली थांबला आणि वाट पाहू लागला. नीतू दाराआड उभी होती, पुढचे सगळे तिने पाहिले.

"ये, ये," केशोराव बसल्या जागेवरून म्हणाले. "पाय पूस त्याच्यावर."

लीलाधर पोत्यावर उभा राहिला. पाय पुसले नाहीत, नुसता उभा राहिला.

"आमच्या गावात गडवा बंद केला आहे," केशोराव सांगू लागले. "पाण्याची बचत. एका पाहुण्यामागं एक गडवा धर, गावात दिवसाले किती पाहुणे येतात, हिशेब लाव. आपण फुकट घालवतो म्हणून समजत नाही. तुमच्या गावातही चालू करा. मी येऊन सांगीन पाहिजे तं."

लीलाधर त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो त्यांच्या डोक्यावरून, घराच्या बाजूने मागच्या आंगणाकडे पाहत होता. तिथे स्लॅबच्या कडेवरून मनगटाएवढी धार खाली पडत होती आणि खालचा दगड तिने पांढरा करून टाकला होता. केशोरावांची तिकडे पाठ होती. इतकी वर्षे कर्ण्याखाली बसून त्यांच्या कानांना असले आवाज लागत नसत.

लीलाधरने धार पाहिली, मग पायाखालचे पोते पाहिले.

"बाई कोठी हाये?"

"येईल. तू पूस तं खरं."

"बाईले सांगजा, मी येऊन गेलो," लीलाधर म्हणाला. पिशवीत अर्धवट गेलेला हात त्याने बाहेर काढला. हातात पत्रिका नव्हती. पोत्यावरून उतरून तो आल्या वाटेने फाट्याकडे चालू लागला.

"पाहिलं?" केशोराव नीतूला म्हणाले. "यांच्या घरचा स्वभावच असा. काही चांगलं सांगायची सोय नाही."

शामकला पदरात वांगी घेऊन आली तेव्हा पोत्यावर दोन धुळकट पावले उमटलेली होती. ओट्यावर गडवा नव्हता. तिने नीतूकडे पाहिले आणि नीतूने तीन-चार वाक्यांत सगळे सांगितले. केशोराव मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होते. मी त्याला बसच म्हटले. तोच उठला. म्हणजे, बसला नव्हताच, पण गेला.

शामकला ऐकत होती. भाऊ दारात येऊन परत गेला होता आणि पत्रिका त्याच्या पिशवीत परत गेली होती. एवढे एकदा झाले की पुन्हा होत नाही. लीलाधर दुसऱ्यांदा येणारा नव्हता, आणि त्याच्या जागी ती असती तर तीही आली नसती.

नवऱ्याकडे वळून तिने शांतपणे विचारले, "देवरीची गाडी गेली का?"

"देवरीची?" केशोरावांची पाठ खुर्चीत ताठ झाली. "नाही जात एवढ्यात. आयतवारी ती गाडी आधी नवेगाव बांधचा फेरा करते, मंग इकडं येते. अन् आज तिकडं बाजार. फाट्यावर यायले तिले अजून वेळ आहे. चालत गेलं तरी सापडते."

बोलून झाल्यावर त्यांना कळले की आपण काय सांगितले, आणि कुणाला.

शामकला आत गेली, फळीवरून गडवा काढला आणि मागच्या आंगणात आली. पांढऱ्या पडलेल्या दगडाशी उभे राहून तिने गडवा धारेखाली धरला. तो एका दमात भरला. मग ती भिंतीशी गेली आणि टिल्लूचे बटण बंद केले. घरघर थांबली. धार बारीक झाली, तिचे थेंब झाले.

केशोराव तिच्या मागे आले होते. ते मान वर करून टाकीकडे पाहत होते, तिथून खाली गल्लीकडे, पार्वताबाईच्या कुंपणापर्यंत गेलेल्या ओल्या पट्ट्याकडे.

"हे कवापासून?" त्यांनी विचारले.

"रोजच, बाबूजी," नीतू म्हणाली. "तुमी माईकवर असता ना, तवा."

"मले कोणी सांगतलं काऊन नाही?"

याचे उत्तर द्यायला शामकला थांबली नाही. एका हातात गडवा, पदरात वांगी, अशी ती गावातून निघाली. रविवारची सकाळ, लोक ओट्यांवर बसलेले. भरला गडवा घेऊन गावाबाहेर जाणारी बाई कुणी पाहिली नव्हती. "कोठी चालली व काकू?" एकाने विचारले. "पाहुणा आला हाये," ती म्हणाली आणि चालत राहिली. तिच्या मागे लोकांनी एकमेकांकडे पाहिले, आणि थोड्या वेळात लीलाधर, पोते आणि टाकी गावभर झाली.

फाट्यावर मोहाच्या सावलीत लीलाधर उकिडवा बसला होता. बहिणीला पाहून तो उभा राहिला.

"एवढ्या उन्हात कायले आलीस?"

"पाय धू."

"इथं?"

"इथंच. घरी पोतं हाये."

लीलाधरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्याला हसू आले. हसू दाबत त्याने चपला काढल्या, गडवा घेतला, एका पायावर पाणी घातले, बोटांच्या बेचक्या चोळल्या, मग दुसऱ्या पायावर. एक चूळ भरली. गडवा तिला परत दिला तेव्हा त्यात निम्मे पाणी होते.

"झालं?" तिने विचारले.

"अर्ध्यातच होते व बाई. पाय दोनच हायेत."

उरलेल्या पाण्याने तिने तोंड धुतले. लीलाधरने पिशवीतून पत्रिका काढली, कागदाला कुंकवाचे बोट लावून बहिणीच्या हातात दिली. मागचे कुणी काढले नाही.

"भाऊजी येतील का लगनाले?" तो म्हणाला.

"त्याह्यची टाकी भरली हाये. बसतील पाहात."

देवरीची गाडी केशोरावांनी सांगितली तशीच आली. लीलाधर चढला आणि मागे वळून पाहतो तर शामकलाही पायरीवर.

"आताच येतेस? लगनाले वेळ हाये अजून."

"मांडवाले कोणी लागते का नाई?"

"लागते ना."

"मंग सरक तिकडं." ती खिडकीशी बसली, मांडीवर वांगी आणि रिकामा गडवा. दुसरे सामान तिच्याजवळ नव्हते.

सोमवारी पथक आले. तिघे होते. केशोरावांनी त्यांना घरी नेले आणि पोत्यापुढे बूट काढायला लावले. तिघांचेही मोजे भिजले. त्यांपैकी एकाला सर्दी होती, तो पूर्ण वेळ एका पायावर उभा राहिल्यासारखा उभा होता. भिंतींवरच्या घोषणा वाचून, थंड पाणी मागून, एकेक घोट पिऊन ते गेले. बक्षीस दुसऱ्या गावाला मिळाले.

पुढच्या सकाळपासून टिल्लूचे बटण नीतूकडे आले. तिला ते कुणी दिले नाही, तिने घेतले. टाकी निम्मी झाली की ती बंद करते. घराला निम्मी टाकी पुरते, हे पहिल्याच दिवशी कळले. केशोराव शिडी चढून काठी घालायला गेले नाहीत. भोंगा रोज सकाळी बोलत राहिला, फक्त गडव्याचा नियम त्यातून नाहीसा झाला. मागे घेतल्याचेही त्यांनी सांगितले नाही. रद्द झालेल्या गाडीचे नाव ते स्टँडवरही कधी पुकारत नसत.

पार्वताबाईच्या नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली आणि तिची वांगी माना टाकू लागली. ती तक्रार घेऊन नीतूकडे आली.

"आता भांडे धुतलेलं पाणी घालतो वांग्याले," ती म्हणाली. "कंटोलर तेच बोंबलत होता म्हणा. पण तो बोंबलत होता तवा नळाले पाणी होतं कोठी?"

लग्न आटोपून शामकला परतली तेव्हा केशोराव दारात खुर्ची घालून बसले होते. पोते तिथे नव्हते. तिच्या हातात गडवा आणि एक नवी पिशवी होती. पिशवीतून दुपट्टा आणि टोपी काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवली.

"लीलाधरनं देल्ली."

केशोरावांनी दुपट्ट्याची घडी उलगडली, कापड बोटांत धरून पाहिले, पुन्हा घडी केली.

"मांडवात नाव पुकारलं का माहं?"

"पुकारलं."

"कितवं?"

"पहिलं."

ते थोडे पुढे झुकले. "मंग?"

"मंग काय? कोणी उठलं नाई," शामकला म्हणाली.

नीतूने तिच्या हातातला गडवा घेतला आणि निम्मा भरून आणून दिला. शामकलेने ओट्याच्या कडेला उभे राहून पाय धुतले. आत जाताना तिने भिंतीवरच्या बटणाकडे एकदा पाहून घेतले. बंद होते.